न कळल्याचे खडे

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी बिलोलीहून तिकडं नोकरीला गेले. नांदेडला माझं बी.एड. झालेलं होतं. नव्या जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा निघणार आहेत, ही खबर वडिलांनी आणली. ते बिलोलीच्या कोर्टात शिपाई होते आणि जगातल्या सगळ्या खबरा कोर्टाच्या व्हरांड्यात आधी येतात असं त्यांचं म्हणणं होतं. ही खबर तरी खरी निघाली. लातूरला ऑर्डर घ्यायला गेले तेव्हा जाडजूड फायलींवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहिण्याचं काम एक कारकून मन लावून करत बसला होता. माझं नाव पाहून म्हणाला, "शिरूर अनंतपाळच्या पुढं एक गाव हाय. हायस्कूल चांगलं हाय, पाणी न्हाई." मी म्हटलं, चालेल. मला शिकवायची एवढी घाई झाली होती की पाणी नाही म्हणजे काय, हे मी विचारलंच नाही.

शाळा म्हणजे एका रांगेत पत्र्याच्या खोल्या आणि अंगणात एक भलंमोठं चिंचेचं झाड. आठवी ते दहावीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी मी नववीला बैजिक राशींची बेरीज शिकवली आणि शेवटी विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हाव बाई." दुसऱ्या दिवशी पुढचं शिकवलं. पुन्हा "हाव बाई." आठवडाभर हाच सूर चालला. मला वाटलं, आपण फारच झकास शिकवतो. शनिवारी पाच गणितांची चाचणी घेतली. निम्म्या वर्गाने गणितं सुबक अक्षरात उतरवून घेतली होती आणि त्यांच्याखाली काहीच लिहिलं नव्हतं.

मी चिडले नाही. माझा स्वभाव असा आहे की गोष्ट अडली की मला हुरूप येतो. सोमवारी मी विचारलं, "कळलं नव्हतं तर हाव का म्हणालात?" पुढच्या बाकावरची एक मुलगी ओढणीचं टोक चावत बसली. मग मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, न्हाई म्हणलं तर हुबं करत्यात."

खरंच होतं ते. त्या शाळेतच नव्हे, मी शिकले त्या शाळेतही 'नाही' म्हणणाऱ्याला उभं करत. उभं राहिलेल्याला बाकीचे हसत, आणि मुलगी असेल तर ते हसू तिच्या मागोमाग गल्लीपर्यंत जाई. 'हाव' म्हटलं की सुटका. पोरं मूर्ख नव्हती, हिशेबी होती.

त्या दिवशी दुपारी मी शाळेच्या मागं पडलेली दोन मडकी उचलून आणली. तळाला चीर गेल्यामुळं ती पाण्याच्या कामाची राहिली नव्हती. चिंचेखाली चिंचोके पडलेले असायचेच आणि खडे तर सगळीकडं होते. वर्ग सुटताना प्रत्येकाने हातात एक चिंचोका आणि एक खडा घ्यायचा, असं मी सांगितलं. आजचं कळलं असेल तर पहिल्या मडक्यात चिंचोका टाकायचा, नसेल तर खडा. हातात उरलेलं दुसऱ्या मडक्यात टाकून घरी जायचं. कोण काय टाकतो हे मी बघणार नाही.

पहिल्या दिवशी पहिल्या मडक्यात सगळे चिंचोके निघाले. मग लक्षात आलं की मी बघत नसले तरी मागचा पुढच्याच्या हाताकडं बघतच असतो. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मडक्यांच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं आणि मूठ जाईल एवढीच फट ठेवली. बंद मूठ आत घालायची, तिथंच उघडायची. मी स्वतः फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. शेवटचं पोर गेल्यावर पहिलं मडकं जमिनीवर उपडं केलं. खड्यांचा ढीग पडला, त्यात चिंचोके इकडंतिकडं चुकार दिसत होते.

कुणाला हे वाचून वाटेल की मला वाईट वाटलं असेल. मला भारी आनंद झाला. आठवडाभर अंधारात हातपाय मारल्यावर पहिल्यांदा भिंत हाताला लागली होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, काल मडक्यात बहुतेक खडेच होते, म्हणजे मला नीट शिकवता आलं नाही, तर आपण ते पुन्हा करू. सगळ्या वर्गाने एकमेकांकडं पाहिलं. आपण एकटेच नाही, हे त्यांनाही त्याच दिवशी कळलं.

पण खडा एवढंच सांगतो की कळलं नाही. काय कळलं नाही, हे तो सांगत नाही. म्हणून मी चिठ्ठ्या सुरू केल्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू फाडून प्रत्येकाला एक तुकडा द्यायचे. नियम मी आधीच फळ्यावर लिहिले होते. चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची. ज्याला काही विचारायचं नाही त्याने 'काही नाही' असं लिहून टाकायची, म्हणजे कोण लिहीत बसलंय हे शेजाऱ्याला कळणार नाही. अक्षर ओळखू येईल अशी भीती असेल त्याने डाव्या हाताने लिहावं. मी प्रत्येक चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचणार, उत्तर देणार आणि दुपारी शिपायाच्या चहाच्या चुलीत घालणार. चिठ्ठ्या जळताना बघायच्या असतील तर चुलीपाशी यावं. पहिले काही दिवस पोरं खरोखर येऊन बघून गेली.

पहिल्या चिठ्ठ्यांनी माझीच तपासणी केली. 'बाई फळ्याकडं तोंड करून बोलून राहिल्या, आम्हाला ऐकू येत न्हाई.' 'लई लवकर पुसता.' 'अवयव म्हणजे हात-पाय, मग गणितात अवयव कसे पाडायचे?' हा शेवटचा प्रश्न वाचून मी खुर्चीवर बसले. मी दोन आठवडे अवयव अवयव करत होते आणि त्या पोरांच्या डोळ्यांपुढं बहुधा खाटकाचं दुकान येत होतं. त्या दिवसापासून पुस्तकातला प्रत्येक शब्द आधी घरच्या बोलीत फोडायचा आणि मगच वापरायचा, असं मी ठरवलं. मीही बिलोलीचीच होते. बी.एड.च्या वर्षात ओठांवर बसलेली पुस्तकी भाषा मी वर्गाबाहेर काढून ठेवली.

एका दिवशी चिठ्ठी निघाली, 'बाई तुम्ही कुणापैकी?' मी ती आधी मनात वाचली. गावात माझी खोली कुठल्या वस्तीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. पण प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचणार हा माझाच नियम होता. मी वाचली आणि म्हटलं, "आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्मांतर केलं. वडील कोर्टात शिपाई आहेत, आई दुसऱ्याच्या शेतात जायची, आणि गणित मला तिच्यामुळं आलं, कारण ती हप्त्याच्या मजुरीचा हिशेब तोंडी करायची. आता पुढची चिठ्ठी." पुढची चिठ्ठी त्रिकोणाच्या कोनांबद्दल होती. मी त्रिकोण काढला. त्यानंतरच्या दिवसांत पोरांच्या चिठ्ठ्या लांब होत गेल्या. बाई अवघड प्रश्नालाही पाठ दाखवत नाहीत, हे बहुधा त्यांनी त्या दिवशी नोंदवून ठेवलं असावं.

आमचे हेडमास्तर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, उंच आणि सावकाश बोलणारे. मडक्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. शागिर्दांनी उस्तादाचा इम्तिहान घ्यायचा हा प्रकार त्यांना बेअदबीचा वाटत होता, आणि नव्या जिल्ह्यातून साहेब तपासणीला आले तर खड्यांचा ढीग काय म्हणून दाखवायचा, हीही त्यांना फिकीर होती. मी त्यांना सांगितलं की ढीग कमी होत चाललाय, आणि तेच दाखवू. ते म्हणाले, बरं, दिवाळीपर्यंत करा. नाही न म्हणण्याची ती त्यांची पद्धत होती.

दिवाळी व्हायच्या आतच पाणी संपलं. त्या साली पाऊस नावालाच झाला होता. गावची विहीर खडखडीत झाली आणि टँकर सुरू झाला. टँकर येऊन विहिरीत पाणी ओतायचा आणि सगळं गाव पोहरे घेऊन काठावर धावायचं. मीही रोज सकाळी दोन घागरी घेऊन त्या रांगेत असे; पहाटेच नंबर लावलेला असल्यानं माझ्या घागरी आधी भरून होत. टँकर शाळा भरायच्या सुमारास यायचा. माझ्या पहिल्या तासाला मुलींचे बाक निम्मे रिकामे राहू लागले. ज्या येत त्यांचे परकर ओले असत आणि डोळे मिटत असत. मी हजेरीत उशीर मांडत राहिले. मग चिठ्ठी आली: 'गणित पहिल्या तासाला ठेवू नका. तेव्हा टँकर येतो. दुसरं काहीबी ठेवा.'

मला ती चिठ्ठी फार आवडली, कारण तिच्यात तक्रार नव्हती, उपाय होता. मी सरळ हेडमास्तरांकडं गेले आणि वेळापत्रक बदलून मागितलं. पहिल्या तासाला खेळ आणि चित्रकला घ्या, गणित दुपारच्या सुट्टीनंतर. ते म्हणाले की दुपारी पत्रा तापतो, कुणाचं डोकं चालणार नाही. मी म्हटलं, आम्ही चिंचेखाली बसतो. शाळा निघाल्यापासून पहिल्या तासाला गणितच चालत आलंय, असंही ते म्हणाले. त्यावर मी सांगितलं की शाळा निघाली तेव्हा विहिरीला पाणी होतं. त्यांनी शाईची दौत पुढं ओढली. पुढच्या सोमवारपासून नववीचं गणित चिंचेखाली गेलं. फळा खोडाला टेकवून ठेवायचा. मुलींचे सगळे चेहरे समोर दिसू लागले.

यानंतर थोड्याच दिवसांनी पाण्याचीच दुसरी चिठ्ठी आली. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर होतं. 'सुट्टीनंतरच्या चौथ्या तासाला आम्ही दोघं-तिघं पाळीपाळीनं वर्गात नसतो. मराठीच्या गुरुजींच्या घरी पाणी न्यायला जातो. मग भूमिती राहून जाते.'

माझा नियम मोठ्याने वाचायचा होता. पण हा नियम मी त्यांच्या प्रश्नांसाठी केला होता, दुसऱ्या शिक्षकाला वर्गापुढं उभं करण्यासाठी नाही. मी चिठ्ठी घडी करून मुठीत ठेवली आणि म्हटलं, "हिचं उत्तर वर्गात देता येणार नाही, पण देणार नक्की." दुपारी बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर तीही चुलीत घातली आणि हेडमास्तरांना जाऊन सांगितलं की काही मुलांचा चौथा तास पाण्यापायी बुडतोय.

शाळेत गोष्ट भिंतीतून जाते. मराठीचे गुरुजी संध्याकाळच्या आत शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर उभे राहिले. ते त्याच गावचे होते, जमीनजुमला असलेल्या घरचे, आणि व्याकरणात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. माझ्याशी ते आजवर मोजकंच पण नीट बोललेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा लाल झाला होता. हेडमास्तरही तिथंच बसले होते.

"ती चिठ्ठी दाखवा," ते म्हणाले. "अक्षर बघितलं की मला पोरगं कळंल."

"जाळली, सर. रोजच जाळते."

"मग नाव सांगा."

"मला माहीत नाही. मला माहीत होणार असतं तर त्यानं लिहिलंच नसतं."

ते हेडमास्तरांकडं वळले. गुरूच्या घरी शिष्याने पाणी भरणं ही काय आजची गोष्ट आहे का, त्यांच्या गुरूंच्या घरी त्यांनी स्वतः लाकडं फोडली होती, असं बरंच बोलले. त्यांचं बोलून झाल्यावर मी एवढंच म्हणाले, "सर, पोरगं कोण ते राहू द्या. तास बुडतो हे खरं आहे का, तेवढं सांगा."

गुरुजी खाली बसले. टेबलावरचा खडू उचलून त्यांनी परत ठेवला. मग हेडमास्तरांकडं न बघता, माझ्याकडंही न बघता म्हणाले, "घरी आठवा महिना चालू हाय. निलंग्याच्या डॉक्टरनं उठायचंच न्हाई म्हणून सांगितलंय. आई म्हातारी. पाणी आणायला दुसरं कुणी न्हाई."

मला त्यांच्या घरातली ही गोष्ट माहीत नव्हती. लिहिणाऱ्यालाही बहुधा नसावी, किंवा असली तरी त्याच्या भूमितीला तिचा उपयोग नव्हता. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, तुमची तकलीफ सच्ची आहे. पोराचा सवालही सच्चा आहे. पाणी तुम्ही सकाळी भरा. पहिल्या तासाला उशीर झाला तर तो मी घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेत माझ्यामागं दोन घागरी घेऊन मराठीचे गुरुजी उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी. त्या रांगेत पुरुषमाणूस असा एकही नसायचा. बायका पदराआड हसल्या. त्यांना पुढं सोडायचं की मागं ठेवायचं हेही कुणाला कळेना. एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, घागर द्या, आम्ही भरून देतो." त्यांनी मान हलवली. पोहरा त्यांनीच ओढला, अर्धं पाणी धोतरावर सांडलं, आणि घागर खांद्यावर घेताना टोपी विहिरीत पडली. ती एका बाईने पोहऱ्यानं वर काढून दिली. यावर मात्र सगळी रांग मोकळेपणाने हसली आणि गुरुजींनाही हसू आलं.

काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रांगेत मागं-पुढं उभं राहूनही न बोलणं हे अवघड काम असतं. एका सकाळी त्यांनीच विचारलं की त्यांच्याबद्दल आणखी काही चिठ्ठ्या आल्या आहेत का. मी सांगितलं की माझ्या वर्गात माझ्याबद्दलच्या येतात, तुमच्याबद्दलच्या हव्या असतील तर तुमच्या तासाला मडकं ठेवा. ते 'हूं' म्हणाले. पण त्यांच्या आधी हेडमास्तरांनीच ठेवलं. इतिहासाच्या तासाला. मडकं उपडं केलं तेव्हा त्यातून खडेच खडे निघाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि पोरांना रझाकारांच्या वेळी आपण स्वतः कुठं लपलो होतो ते सांगायला सुरुवात केली. शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा भिंतीला कान लावून बसली.

परीक्षा जवळ आली तशा माझ्या चिठ्ठ्या कमी होऊ लागल्या. प्रत्येक तुकड्यावर 'काही नाही', 'काही नाही'. मला शंका आली की त्या प्रकरणानंतर पोरं पुन्हा घाबरली की काय. चिंचेखाली मी तसं विचारलंही. सुरुवातीला ओढणी चावणारी ती मुलगी उभी राहिली. मी बोलावलं नव्हतं, तिची तीच उठली.

"बाई, आता तोंडानंच विचारतो की," ती म्हणाली. "कागद कशाला वाया घालायचा?" आणि तिथंच उभ्या उभ्या तिने मला एका गणिताचं उत्तर चुकलंय म्हणून दाखवलं. तपासलं तर खरंच माझं एक चिन्ह राहिलं होतं. मी फळ्यावर दुरुस्त केलं, तिला खडू दिला आणि पुढचं गणित तिच्याकडून करून घेतलं. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एकाने तिला मध्येच अडवून प्रश्नही विचारला, आणि तिने त्याला झाडाखाली सगळ्यांसमोर झापलं.

गुरुजींना मुलगी झाली. दुष्काळात पेढे कुठले, त्यांनी शाळेत गूळ-फुटाणे वाटले आणि त्याच आठवड्यात आपल्या तासाला मडकं ठेवलं. खडा-चिंचोका त्यांना पटत नव्हता, ते फक्त चिठ्ठ्या घेत. एक दिवस मधल्या सुट्टीत ते हातात कागदाचा तुकडा धरून माझ्याकडं आले.

"बाई, हे तुमचं गिऱ्हाईक चुकून माझ्या दुकानात आलंय," ते म्हणाले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'पृथ्वी फिरती तर रात्री आपली विहीर उलटी होत असंल. मग पाणी सांडत कसं न्हाई? का सांडूनच गेलं?'

आम्ही दोघंही हसलो. मग ते गंभीर झाले. इतकी वर्षं शिकवतोय, पण ह्याचं उत्तर मलाही येत नाही, असं म्हणाले. मी समजावायला लागले तर त्यांनी हात वर केला. "मला एकट्याला नको. पोरांबरोबर ऐकतो."

सुट्टी संपल्यावर मी त्यांच्या तासाला गेले. ते शेवटच्या बाकावर, मांडीवर टोपी ठेवून, मुलांच्या शेजारी बसले. मी फळ्यावर मोठा गोल काढला, गोलाच्या चारी बाजूंनी चार विहिरी काढल्या आणि विचारलं, "ह्यातल्या प्रत्येक विहिरीसाठी खाली म्हणजे कुठं, कोण सांगतंय?" चार-पाच हात एकदम वर झाले. त्यातला एक शेवटच्या बाकावरचा होता.